परप्रांतीयांच्या रेशनमुळे तुमचं धान्य कापलं जात नाही

‘बाहेरून आलेल्या कामगारांना आपल्या दुकानात रेशन देतात, म्हणून इथल्यांचा कोटा कमी होतो,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत कामगाराला नवा हक्क मिळत नाही, फक्त उचलण्याची जागा बदलते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. बिहारमधल्या कार्डावर पाच नावं असतील तर २५ किलो. त्यातले ५ किलो भिवंडीत उचलले की गावाकडे २० किलोच उरतात. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर, म्हणजे ओळख पटवून धान्याची नोंद करणाऱ्या यंत्रावर, आधार जुळला की ही वजावट त्याच कार्डावर नोंदते. तुमच्या कार्डाला ती शिवतही नाही. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय ऑगस्ट २०१९ पासून आहे, आणि गुजरातेत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती तशीच लागू आहे.

राज्याच्या स्वतःच्या योजनांचे लाभ मात्र दुसऱ्या राज्यात मिळत नाहीत.

तक्रारीत एक खरी गोष्ट आहे. दुकानाचा साठा मुख्यतः तिथल्या कार्डांवर ठरतो. कामगारवस्तीत उचल वाढली आणि जादा साठा वेळेत आला नाही, तर महिनाअखेरीस गोण्या संपतात. हा पुरवठ्याचा दोष आहे. तो रांगेतल्या माणसावर ढकलणं अन्यायाचं आहे. अशा वेळी ई-पॉसची पावती मागा, साठाफलक पाहा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या.