बिनपानांचं प्रत्येक झुडूप केर नसतं

थरच्या वाळवंटातल्या केरबद्दल एक मजकूर बराच फिरतो: केर निवडुंगाच्या कुळातला, त्याला पानं कधीच येत नाहीत, तो वाळूच्या टेकड्यांवर वाढतो आणि बिनपानांचं हिरवं झुडूप दिसलं की तोच समजावा. यातलं एकही विधान टिकत नाही.

निवडुंगाचं आधी मिटवू. केर, म्हणजे आपली नेपती किंवा करीर, शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिड्युआ. वाघाटीही याच कॅपॅरिस प्रजातीतली. हिरवी काडी आणि काटे एवढ्यावरून नातं जुळत नाही.

पानं येतात. फक्त कोवळ्या फुटीवर, अरुंद, साधारण १ ते २ सेंमी लांब, आणि लवकर गळतात. डेसिड्युआ म्हणजेच पानं गाळणारी. पानंच नसती तर गाळणार काय?

खरा घोळ ओळखीत होतो, कारण थरमध्ये बिनपानांची हिरवी झुडपं निदान तीन: केर, फोग आणि खींप. लांबून काढलेल्या फोटोत तिन्ही झाडूसारखी दिसतात. म्हणून काडीचं पेर जवळून पाहा. पेरापाशी छोट्या काट्यांची जोडी असेल तर केर. काटे नाहीत, काड्या सांधेदार आणि झुबक्यांनी फुटलेल्या, जुनं खोड पांढुरकं, तर फोग. काटे नाहीत, सांधेही नाहीत, काड्या सरळ छडीसारख्या, तर खींप. ती रुईच्या कुळातली असली तरी तोडल्यावर दुधाळ चीक येत नाही, पाणीदार रस येतो. चीक शोधणारे इथेच फसतात.

फूल-फळ मिळालं तर प्रश्नच उरत नाही. केरचं फूल लालसर, लांब पुंकेसरांचं. फळ गोल, पिकल्यावर गुलाबी-लाल. लोणच्यात जातं ते हिरवं, कच्चं. फोगचं फळ राठ केसांनी झाकलेलं, खींपची शेंग बारीक, टोकदार.

राहिल्या वाळूच्या टेकड्या. ते घर फोगचं. त्याची लांब मुळं वाळू धरून ठेवतात आणि कोळशासाठी ती खणली की टेकडी पुन्हा हलू लागते. केर बहुतेक घट्ट, मुरमाड, चुनखडीच्या जमिनीवर आणि ओरणांत (राजस्थानातल्या देवरायांत) भेटतो, मुळांपासून नवे फुटवे काढत जाळी करतो. तरी जागेवरून फक्त अंदाज बांधावा. नाव पक्कं करायचं ते पेर पाहूनच.