बाबांना विसर पडत नव्हता, ऐकूच येत नव्हतं

गेल्या चवथीला घरात आरत्या ऐन रंगात आल्या होत्या आणि बाबा घुमट (आरतीत वाजवतात ते मातीचं वाद्य) खाली ठेवून आत खोलीत जाऊन बसले. वय 72, लहानपणापासून घुमट वाजवणारा माणूस, ताल सुटला तशी पोरं एकमेकांकडे बघायला लागली आणि ते त्यांनी बघितलं.

त्याआधी वर्षभर घरात एकच चाललेलं, बाबा विसरतात, बांगडे सांगितले की भेंडी आणतात, मग आम्ही "तुम्ही बसा हो, आम्ही करतो" म्हणत बाजार काढून घेतला, स्कूटर काढून घेतली, आणि ते टीव्हीसमोर गप्प बसायला लागले. याला आम्ही आराम म्हणत होतो. मला आज त्याचं खरंच वाईट वाटतं.

म्हापशाला कानाची टेस्ट केली तेव्हा कळलं, स, श, फ असली बारीक अक्षरं त्यांना येतच नव्हती, आवाज यायचा पण शब्द लागायचा नाही. जे कानात गेलंच नाही ते लक्षात कुठून राहणार?

2024 च्या लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या कमिशनच्या अहवालात डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, टाळता येण्यासारखे 14 धोके दिलेत, बीपी, शुगर, दारू, सिगरेट, बसून राहणं, एकटेपणा वगैरे, आणि सगळे आवरले तर जगातल्या जवळपास 45 टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात म्हणे. त्यात सगळ्यात मोठा वाटा असलेल्यांत कमी ऐकू येणं आहे! आपण मात्र बदाम आणि ब्राह्मीच्या गोळ्या आणतो. कानाचं मशीन लावलं की डिमेन्शिया होणार नाही असं कोणी सांगू शकत नाही, पण 2023 च्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात मशीनमुळे तीन वर्षांत बुद्धीची घसरण 48 टक्के कमी झाली, सगळ्यांमध्ये मिळून नाही, पण हे काय थोडं आहे का?

बाबांना मशीन घेतलं, पहिले पंधरा दिवस ते वैतागले, ताटलीचा आवाज डोक्यात जातो म्हणायचे, मशीन खिशात टाकायचे. तेव्हाच बरेच लोक सोडून देतात, तिथे घरच्यांनी नेट धरायला हवा, दिवसाला एक तास, मग दोन. पावसात दमट हवेमुळे रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा नाहीतर बिघडतं.

बाजार आम्ही त्यांना परत दिलाय. सकाळी चालत जातात, पाव घेतात, तिंट्यावर, म्हणजे गावच्या बाजारचौकात, अर्धा तास गजाली. गेल्या सोमवारी देवळात भजनाला गेले, रात्री आईला सांगत होते, पेटीवाला एक सूर खाली धरतो.