रसायन ते रसायनच, मग ‘हिरवं’ काय असतं?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला. चौथ्यांदा तो घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मात्र राहवेना. मेसेज लांबलचक आहे, पण त्याचं सार एवढंच: ‘विद्यापीठांतली ग्रीन केमिस्ट्री म्हणजे निव्वळ धूळफेक. रसायन ते रसायनच, त्यात हिरवं काय? चमचाभर प्रयोग करायचा, पेपर छापायचा, बढती घ्यायची. कारखान्यापर्यंत यातलं काही पोचत नाही आणि पोचलंच तर परवडत नाही. पाण्यात केलं, लिंबाच्या रसात केलं की झालं ग्रीन! आणि आपल्याकडे तर यातलंही काही नाही, सगळं परदेशात.’

मी एका फाइन केमिकलच्या (म्हणजे थोड्या प्रमाणात बनणाऱ्या महागड्या, शुद्ध रसायनांच्या) कारखान्यात प्रॉडक्शनला सव्वीस वर्षं काढली. प्राध्यापक नाही, अनुदान कधी घेतलं नाही, नावावर एक पेपर नाही. तेव्हा हा मेसेज मला मनापासून पटायला हवा होता. त्यातलं एक वाक्य पटलंही, त्याकडे शेवटी येतो.

‘रसायन ते रसायनच.’ बरोबर. पण हिरवेपणा रसायनाचा नसतोच, तो ते करण्याच्या रीतीचा असतो. पॉल अ‍ॅनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये या विषयाची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच तत्त्व आहे की कचरा करून मग साफ करत बसण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. त्याआधी, १९९२ मध्ये, रॉजर शेल्डन यांनी एक साधा भागाकार पुढे आणला होता: एक किलो मालामागे किती किलो कचरा? याला ई-फॅक्टर म्हणतात. पेट्रोल रिफायनरीत तो ०.१ पेक्षाही कमी निघाला, फाइन केमिकल्समध्ये ५ ते ५० आणि औषधांत २५ पासून १०० च्याही पुढे. ज्या उद्योगाला आपण सर्वांत घाण समजतो तो किलोमागे सर्वांत कमी कचरा करतो आणि पांढऱ्याशुभ्र गोळीच्या मागे ट्रक उभा असतो. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. तो ट्रक मीच भरून द्यायचो.

आमच्याकडे फ्रीडेल-क्राफ्ट्सची, म्हणजे कार्बनच्या कड्याला नवा गट जोडण्याच्या प्रक्रियेची, बॅच असायची. उदाहरणासाठी पॅरा-मेथॉक्सी अ‍ॅसिटोफिनोन घेऊ. अत्तरांत लागतं, सनस्क्रीनमधला एक घटकही यापासून बनतो. जुनी रीत म्हणजे अ‍ॅनिसोल, अ‍ॅसिटाइल क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. पुस्तकात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला उत्प्रेरक म्हटलेलं असतं. उत्प्रेरक म्हणजे प्रक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, चिमूटभर टाकायचा आणि शेवटी जसाच्या तसा परत घ्यायचा. इथे तो तयार झालेल्या मालालाच चिकटून बसतो, म्हणून मालाच्या बरोबरीने, रेणूला रेणू, घालावा लागतो. रेणुभारांचा हिशोब मांडला तर १०० किलो मालामागे किमान ८९ किलो. माल सोडवायचा तर सगळं मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतायचं. याला आम्ही क्वेंच म्हणायचो. ते शक्यतो रात्रपाळीत उरकायचं, कारण स्क्रबर (धूर पाण्याने धुऊन काढणारं यंत्र) पुरा पडत नसे आणि पांढरा धूर दिवसा लोकांना दिसतो. त्या शंभर किलोमागे हायड्रोजन क्लोराइड जवळपास ९७ किलो. पाण्याचा थर ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटला, गेला की त्यात चुना, आणि चुन्याने खाली बसतो तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, कोरडा धरला तर ५२ किलो. पण तो कोरडा कधीच नसतो. खळीसारखा असतो, फिल्टर प्रेसच्या कापडाची भोकं बुजवतो. मग पोरं लाकडी पट्टीने खरवडत बसतात. निघालेला ओला केक पोत्यांत भरून तळोज्याला, घातक कचऱ्याच्या डेपोत.

हाच माल १९९० च्या दशकात फ्रान्सच्या रोन-पूलंक कंपनीने झिओलाइटवर करायला घेतला. झिओलाइट म्हणजे सूक्ष्म भोकांचा घन पदार्थ. तो नळीत भरून ठेवायचा, एका बाजूने अ‍ॅनिसोल आणि अ‍ॅसिटिक अनहायड्राइड सोडायचं, दुसऱ्या बाजूने माल आणि अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर. क्वेंच नाही, चुना नाही. किलोमागे साडेचार किलो सांडपाणी निघायचं ते ०.०३५ किलोवर आलं. रसायन तेच, बाटलीवरचं लेबलही तेच. ‘त्यात हिरवं काय’ याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

‘आपल्याकडे यातलं काही नाही’ हे वाक्य लिहिणारा माटुंग्याला कधी उतरलेला दिसत नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ चा. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झालं, तरी जुनी माणसं अजून यूडीसीटीच (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. तिथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाडच्या गणपती यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं नेमकं हेच काम केलं: द्रव आम्लं आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड काढून त्यांच्या जागी गाळून परत वापरता येणारी घन आम्लं आणायची. कधी के-१० नावाच्या मातीवर हेटेरोपॉली आम्ल (धातूच्या ऑक्साइडांचं तीव्र आम्ल) बसवून, कधी झिर्कोनियाला (झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडला) सल्फेट जोडून. त्यांच्या उत्प्रेरकांच्या मालिकेचं नाव ‘यूडीकॅट’ आहे. यूडीसीटी आणि कॅटॅलिस्ट यांची अशी सांधेजोड करणाऱ्याला आपल्या संस्थेचा अभिमान असणार, एवढं तरी मान्य करा. यादव २००९ ते २०१९ तिथे कुलगुरू होते, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. यूडीकॅट-५ हा झिर्कोनियाचा उत्प्रेरक करताना सल्फेटसाठी क्लोरोसल्फॉनिक आम्ल वापरतात. ज्याने ते हाताळलंय त्याला माहीत आहे की ते काय प्रकरण आहे, दमट हवेतसुद्धा धुमसतं. मेसेजवाल्याच्या हाती हे लागलं असतं तर त्याने उड्या मारल्या असत्या. पण ते उत्प्रेरक बनवताना एकदा लागतं, प्रत्येक बॅचला नाही. हिशोब दोन्हीकडचा मांडावा लागतो.

त्याच आवारात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभं राहिलेलं एक संशोधन केंद्र आहे. काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याची त्यांची रीत २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला प्रात्यक्षिक प्रकल्पात उतरली, रोजचा दहा टन काडीकचरा. पेंढा असो, उसाचं चिपाड असो की कापसाच्या पऱ्हाट्या. दहा टन म्हणजे कारखान्याच्या मानाने लहानच, पण तो चमचाही नव्हे. शिवाय ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर तांबे-क्लोरीन चक्राने पाण्यातून हायड्रोजन काढण्याचं काम आहे, ते अजून बाजाराच्या अलीकडचं.

आता ‘कारखान्यात येत नाही आणि परवडत नाही’. इथे मेसेजवाल्याला मी माझ्याकडूनच एक पुरावा देतो, कारण त्याने तो शोधलेला नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात मार्टिन पोलियाकॉफ यांच्या गटाने नेहमीच्या सॉल्व्हंटऐवजी (विरघळवणाऱ्या द्रवाऐवजी) प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून हायड्रोजनेशन, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडणं, करून दाखवलं. थॉमस स्वॉन या कंपनीने त्यावर २००२ मध्ये वर्षाला हजार टनांचा प्लांट उभारला. रसायन उत्तम चाललं. पण वायू त्या दाबापर्यंत दाबायचा खर्च आणि यंत्रसामग्रीचा खर्च मिळून माल नेहमीच्या रीतीपेक्षा महाग पडला आणि प्लांट बंद ठेवावा लागला. विद्यापीठाचं काम कारखान्यात गेलं, नीट चाललं आणि तरीही हरलं. असं होतं.

उलट बाजूला आयबुप्रोफेन. बूट्स कंपनीच्या मूळ सहा टप्प्यांच्या रीतीत आत घातलेल्या अणूंपैकी ४० टक्के गोळीत पोचायचे. १९९२ मध्ये टेक्सासमधल्या बिशप इथे सुरू झालेल्या तीन टप्प्यांच्या रीतीत ७७ टक्के. टप्पे निम्मे झाले म्हणजे रिअ‍ॅक्टर कमी, सॉल्व्हंट कमी, पाळ्या कमी. हे कुणी पुण्य कमवायला केलेलं नाही. (त्याच कौतुकाच्या रीतीत पहिल्या टप्प्याला हायड्रोजन फ्लोराइड आहे. ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं म्हणून कचरा होत नाही, पण त्याचा एक शिंतोडा हाडापर्यंत जातो. मी स्वतः ते कधी रिअ‍ॅक्टरमध्ये घातलं नसतं.)

म्हणजे कधी परवडतं, कधी नाही. पण ‘परवडत नाही’ हे ज्या कागदावर ठरतं तो कॉस्टिंग शीट मी पाहिलेला आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा भाव होता, वाफेचा होता, मजुरीचा होता. ईटीपी, चुना, तळोज्याचा ट्रक हे सगळं खाली ‘ओव्हरहेड’मध्ये, सगळ्या मालांवर सारखं वाटलेलं. स्लज (ओला गाळ) करणारा माल आणि न करणारा माल दोघांवर बोजा एकच. अशा कागदावर घन उत्प्रेरक महागच दिसणार. तो ओव्हरहेड प्रत्येक मालाच्या नावावर टाका म्हणून मी दोनदा लिहून दिलं, दोन्ही वेळा ‘बघू’ आलं. आणि जो खर्च त्या कागदावरही नसतो तो बाहेर रस्त्यावर दिसतो. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, आठवतंय? तो रंग कुठल्याच शीटमध्ये नव्हता.

‘पेपर छापा, बढती घ्या.’ हो, तसेही आहेत. ते इतिहासातही आहेत, अर्थशास्त्रातही आहेत.

राहिलं ते वाक्य, जे मला पटलं: ‘पाण्यात केलं, लिंबाच्या रसात केलं की झालं ग्रीन!’ हा टोला बसतो. पाणी स्वस्त आहे, पेटत नाही, पण त्यात सेंद्रिय घाण विरघळली की ती काढणं अवघड आणि ते उकळून टाकणं महाग. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५० किलोज्यूल लागतात, अ‍ॅसिटोनला ५२० च्या आसपास. ‘नैसर्गिक’ शब्दाचंही तेच. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन अगदी नैसर्गिक, वास सुरेख, आणि ओढ्यात गेलं तर जलचरांना अत्यंत विषारी.

फक्त हे सांगणारेही विद्यापीठांतलेच गट आहेत, ही गोष्ट मेसेजवाल्याने गाळली. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचं हरित रसायनशास्त्र केंद्र घ्या. एनएमपी आणि डीएमएफ ही सॉल्व्हंट गर्भाला घातक, म्हणून युरोपने त्यांच्यावर निर्बंध आणले. त्यांना पर्याय म्हणून सेल्युलोजपासून दोन टप्प्यांत बनणारं ‘सायरीन’ नावाचं सॉल्व्हंट जेम्स क्लार्क यांच्या या केंद्राने आणि ऑस्ट्रेलियातल्या सर्का कंपनीने २०१४ मध्ये पुढे आणलं. लाकडापासून बनतं एवढ्यावर कुणी थांबलं नाही. तीव्र अल्कलीत ते टिकत नाही, २२७ अंशांना उकळतं म्हणून उडवून काढणं कठीण, घट्ट असल्याने पंपाला त्रास. ही सगळी कुरकुर छापून आली आहे, रसायनशास्त्रज्ञांनीच केलेली.

माझी भाची एम.एस्सी.ला आहे. तिच्या प्रोजेक्टचं नाव होतं ‘लिंबाच्या रसातील हरित संश्लेषण’. मेसेज आला त्याच आठवड्यात ती घरी आली होती. मी विचारलं, ‘रसातून माल बाहेर कसा काढलास?’ म्हणाली, ‘इथाइल अ‍ॅसिटेटने, मामा. तीनदा, चाळीस-चाळीस मिली.’ आणि शुद्ध? ‘कॉलम केला.’ म्हणजे सिलिकाच्या नळीतून सॉल्व्हंट सोडत माल वेगळा काढायचा. कॉलमला साडेसहाशे मिली हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेटचं मिश्रण, चाळीस ग्रॅम सिलिका, थर सुकवायला दहा ग्रॅम सोडियम सल्फेट. हाती आलेला माल १.१ ग्रॅम. वर्तमानपत्राच्या कडेला दोघांनी बेरीज केली, पाणी आणि रस सोडून सहाशे ग्रॅमच्या वर. ई-फॅक्टर साडेपाचशेच्या पुढे.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, कॉलमऐवजी इथेनॉलमधून स्फटिक पाडून बघते. पुढच्या वेळी माल निघाला ०.८ ग्रॅम, उतारा कमी, पण कॉलम गेला, सिलिका गेली. रिपोर्टमध्ये तिने दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले. गाइड खोडतील अशी तिला धास्ती होती. त्यांनी फक्त शीर्षकातलं ‘हरित’ खोडलं, तक्ता ठेवला.