‘युनियनने गिरण्या बुडवल्या, कायद्याने मालकाचे हात बांधले’: या मेसेजमधली एकेक ओळ

मुंबईत दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच: कायद्यामुळे एकदा घेतलेला माणूस काढताच येत नाही, संपाने गिरण्या बंद पाडल्या, चार पुढारी उठतात आणि वाटेल तेव्हा काम थांबवतात, युनियन म्हणजे धंद्यावरचं ओझं. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत हाडं झिजवली, त्या लालबाग-परळच्या घरांतूनही तो पुढे ढकलला जातो, याचं फार वाईट वाटतं. म्हणून सविस्तर उत्तर.

‘माणूस काढताच येत नाही.’

काढता येतो, आणि त्याची रीत ठरलेली आहे. ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बरीचशी तशीच आहे. ज्याचं वर्ष भरलं (बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं तरी वर्ष भरलं असं धरतात) त्याची कपात करायची (म्हणजे त्याला कामावरून कमी करायचं) तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला कळवणं. साधारणपणे जो शेवटी लागला तो आधी जातो.

हिशेबच मांडू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये, सेवा ८ वर्षं. नोटिशीचे १८,०००. भरपाई ९,००० गुणिले ८, म्हणजे ७२,०००. नव्या संहितेप्रमाणे पुनर्कौशल्य निधीचे (काढलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून) १५ दिवसांचे ९,०००. एकूण ९९,०००. ग्रॅच्युइटीचे ८३,०७७ रुपये वेगळे, पण ते कामगाराने स्वतः नोकरी सोडली असती तरी द्यावेच लागले असते. आठ वर्षांच्या मेहनतीनंतर घरी पाठवण्याची किंमत एक लाखाच्या आत आहे.

मग प्रकरणं कोर्टात वर्षानुवर्षं का अडकतात? अनेकदा भरपाईच्या वेळेवरून. पैसे काढतानाच हातात पडले पाहिजेत. ‘फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणून आज गेट बंद केलं की कपातच बेकायदा ठरते. चूक एचआरची, बोल कायद्याला.

सरकारची आगाऊ परवानगी लागते ती फक्त मोठ्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना. १९७६ मध्ये मर्यादा ३०० कामगारांची होती, पुढे १०० झाली, आता पुन्हा ३०० आहे. अर्जाला ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात. मालाडच्या कॉल सेंटरला, मॉलला, खासगी हॉस्पिटलला ही अट कधीच नव्हती, तिथे पाच हजार माणसं असली तरी.

‘संपाने गिरण्या संपल्या.’

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठेक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, आणि त्यात लाखाहून जास्त माणसांची रोजी गेली. तडजोडीची वाटच न ठेवता तो ताणला गेला, हा दोष नेतृत्वाच्या पदरात टाकावाच लागेल.

पण माणसं एवढी चिडली का? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला होता. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. त्यासाठी २५ टक्के सभासदत्व पुरे, आणि तेही वर्गणीच्या पावत्यांवरून मोजायचं. गुप्त मतदान नाही. कामगारांचा ज्यांच्यावर विश्वास उरला नव्हता तेच त्यांच्या नावाने करार करू शकत होते. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती. दुसरी मागणी बदली कामगारांची. बदली कामगार रोज पाळीच्या वेळी कार्ड घेऊन गेटवर उभा राहायचा. खात्यात कुणाचा खाडा पडला तर साच्यावर (मागावर) काम, नाहीतर हात हलवत घरी. अशी वर्षं निघायची. म्हणजे इथे कामगार कायदा कामगाराच्या बाजूने जास्त झुकला होता असं नाही. आपली युनियन निवडायची मोकळीकच त्याने दिली नव्हती.

गिरण्यांची दुखणी संपाच्या कितीतरी आधीची. १९५० च्या दशकापासून गिरण्यांना साचे वाढवायला सरकारी बंधन, यंत्रमागांना करात सवलत, जुनी यंत्रं, नफा दुसरीकडे वळवलेला. कापड भिवंडी-मालेगावकडे सरकलं, कारण तिथे १२ तासांची पाळी होती आणि ग्रॅच्युइटीचा पत्ता नव्हता. आणि शेवटी जमीन. गिरणगावातली सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाने ती विकायला वाट दिली: एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती केली, शेडखालची जमीन बाहेर काढली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. ज्या जागेवर टॉवर उठतो तिथे कापड विणण्यात मालकाला रस उरणार नव्हता, मग संप होवो न होवो.

‘वाटेल तेव्हा काम बंद.’

नव्या संहितेत प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

‘युनियन म्हणजे ओझं.’

मशीद बंदर किंवा वाशीच्या मार्केटमधला माथाडी बघा. रोज वेगळा गाळा, वेगळा व्यापारी, कायम मालक कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या कायद्याने यावर तोडगा काढला: व्यापाऱ्याने माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, टोळीने ओझ्याप्रमाणे काम करायचं, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीशिवाय व्यापाऱ्याने द्यायची जादा रक्कम) मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना आज जे हवं आहे ते इथे पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे आहेत, हे व्यापाऱ्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. ओळखायची खूण सोपी: खऱ्या माथाडीचं मंडळाकडे नोंदणी कार्ड असतं आणि पैसे मंडळाच्या खात्यात जातात. उतरवणीच्या जागी येऊन रोख मागणाऱ्याला एक रुपया देऊ नये, मंडळात आणि पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.