‘उलटी वायर लागली तरी फक्त फ्यूज उडतो’ हे खरं नाही

पावसाळा लागला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा: बाइकची बॅटरी उतरली असेल तर कुणाच्याही कारवरून वायर लावून सेल्फ मारा. प्लस-मायनस उलटं लागलं तरी घाबरू नका, फक्त फ्यूज उडतो. फ्यूज मिळाला नाही तर तांब्याची तार गुंडाळा. गाडी सुरू झाली की काम झालं. खात्री करायची असेल तर गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढा. बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग उत्तम. आणि सुरूच झाली नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, गेला म्हणून समजा.

लिहिणाऱ्याचा हेतू अडलेल्याला मदत करण्याचाच असेल. पण याच मेसेजवर विसंबून माझ्या भाच्याची गाडी पडून राहिली, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कारवरून जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणारी वायर, लावण्यात मुळात गैर काही नाही. कारची बॅटरी मोठी, तिचा करंट बाइकची वायरिंग जाळेल, ही भीती खोटी आहे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच. मोठी बॅटरी करंट ढकलत नाही, सेल्फची मोटर लागेल तेवढाच ओढते. फक्त कारचं इंजिन बंद ठेवायचं. चालू कार १४ व्होल्टच्या आसपास देते आणि पार उतरलेली छोटी बॅटरी त्यावर एकदम जास्त करंट खाऊन गरम होते.

आता ‘फक्त फ्यूज उडतो’. खरा घोळ इथे आहे.

भाच्याची १५० सीसीची गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये भिजत उभी होती. संध्याकाळचा अंधार, सीटखाली मोबाइलचा टॉर्च, टर्मिनलवरची लाल टोपी निसटलेली आणि दोन्ही वायरी चिखलाने सारख्याच काळपट. लाल चिमटा मायनसला लागला. चर्र झालं, जळका वास आला, २० अँपिअरचा मेन फ्यूज गेला. त्याने रिलेजवळच्या खाचेतला स्पेअर फ्यूज टाकला, वायर सरळ लावली आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना आधी इंडिकेटर मंद झाले, मग मीटर विझलं आणि गाडी रस्त्यात बंद पडली. ‘मामा, काल तर मस्त सुरू झाली होती की!’ असा फोन आला.

त्या दोन क्षणांत आत काय झालं ते पाहा. इंजिन फिरताना कॉइल प्लेटमध्ये एसी वीज तयार होते. तिची डीसी करून बॅटरीला देण्याचं काम रेक्टिफायर-रेग्युलेटर, म्हणजे आरआर युनिट करतं. त्यातले डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात आणि एरवी बॅटरीची वीज मागे येताना अडवतात. प्लस-मायनस उलटं झालं की हेच डायोड सताड उघडे होतात आणि बॅटरीचा सगळा करंट त्यांच्यातून आरपार जातो. आरआरला चावीने बंद करायची सोय बहुतेक गाड्यांत नसते, त्यामुळे चावी बंद असूनही ते या तडाख्यात सापडतं. फ्यूज मध्ये असतो, पण तो वितळायला वेळ घेतो. २० अँपिअरच्या फ्यूजमधून ४० अँपिअर गेले तरी तो त्या क्षणी तुटत नाही, सेकंदाचा काही भाग, कधी काही सेकंदही लागतात. तेवढ्यात डायोड मरू शकतो. प्रत्येक वेळी मरतोच असं नाही. पण फ्यूज उडाला म्हणजे बाकी सगळं वाचलं, असंही नाही.

मेलेला डायोड दोन प्रकारे त्रास देतो. शॉर्ट झाला तर नवा फ्यूजही उडू शकतो. अशा वेळी आरआरचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, काढून फ्यूज टाकून बघा. टिकला तर दोष आरआरमध्ये. दुसरा प्रकार जास्त फसवा: डायोड आतून तुटतो, गाडी सुरू होते, पण चार्जिंग होत नाही. भाच्याचं हेच झालं. मल्टिमीटर लावला तर बॅटरी ११.४ व्होल्ट, आणि रेस दिली तरी आकडा हलेना. धड गाडीत रेस दिल्यावर तो साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. कॉइल प्लेट शाबूत होती, कारण तिच्या तीन पिवळ्या वायरी डायोडच्या पलीकडे असतात. आरआर बदललं, बॅटरी बाहेर चार्ज केली, गाडी चालू लागली.

म्हणून ‘सुरू झाली की काम झालं’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. सुरू होणं हे जंपरचं काम, चालत राहणं चार्जिंगचं. उलटी वायर लागली असेल तर मल्टिमीटरने चार्जिंग बघितल्याशिवाय लांब जाऊ नका, रात्री तर नाहीच.

तांब्याच्या तारेबद्दल एवढंच: फ्यूजच्या जागी तार घातली की पुढच्या शॉर्टला वायरिंगच फ्यूज होते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची परीक्षा जुन्या गाड्यांवरून आली. एसी सीडीआय या जुन्या इग्निशनच्या गाड्यांत ठिणगीसाठी वेगळी कॉइल असायची, त्यामुळे बॅटरी नसली तरी इंजिन चालायचं. म्हणजे त्या काळीही यातून चार्जिंगबद्दल काहीच कळत नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि बहुतेक नव्या बाइक इंजेक्शनच्या झाल्या, म्हणजे पेट्रोल ईसीयूच्या हुकमाने फवारलं जाऊ लागलं. या गाड्यांत बॅटरी व्होल्टेज सांभाळून धरते. चालू इंजिनमध्ये ती काढली तर व्होल्टेज उसळून ईसीयू आणि मीटर दोन्ही जाऊ शकतात. कृपा करून हे करू नका.

आणि ईसीयू. तो मरतच नाही असं मी म्हणणार नाही, पण संशयितांच्या यादीत तो शेवटी. चावी बंद असेल तर बहुतेक गाड्यांत त्याची मुख्य वीज तोडलेलीच असते. चावी दिल्यावर इंजिनचा दिवा लागतो आणि पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो का ते बघा. दोन्ही होत असेल तर ईसीयू बहुधा जिवंत आहे. होत नसेल तर आधी सगळे फ्यूज काढून तपासा, मग बॅटरी सुटी करून मोजा. पार उतरलेली बॅटरी उलटी जोडली गेली तर उलटीच चार्ज होऊ शकते. मल्टिमीटरची लाल पिन प्लसवर ठेवून आकड्याआधी वजाचं चिन्ह दिसलं, तर ती बॅटरी बदला. एवढं न बघता कुणी ईसीयू बदला म्हणालं, तर गाडी तिथे सोडू नका.

वायर लावायची झाली तर आधी बॅटरीच्या डब्यावर कोरलेली + आणि − ही चिन्हं वरचा चिखल पुसून वाचा. वायरीच्या रंगावर जाऊ नका, कित्येक गाड्यांत अर्थिंगची, म्हणजे मायनसची, वायर हिरवी असते. लाल चिमटा आधी बाइकच्या प्लसला, मग कारच्या प्लसला. काळा आधी कारच्या मायनसला आणि शेवटचा बाइकच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी शेवटच्या चिमट्यालाच पडते. काढताना नेमकं उलट्या क्रमाने.