कॉर्फबॉलमध्ये डच कधी हरलेच नाहीत? १९९१ विसरू नका

कॉर्फबॉलचा, म्हणजे उंच खांबावरच्या टोपलीत चेंडू टाकायच्या सांघिक खेळाचा, विषय निघाला की एक संदेश हमखास फिरतो: ‘नेदरलँड्स आजवर एकही विश्वस्पर्धा हरलेला नाही, दुसरा नंबर बेल्जियमचा ठरलेला, मुलंमुली एकत्र खेळतात म्हणून खेळ हलकाफुलका आणि युरोपबाहेर त्याला कोणी विचारत नाही.’ यातली चारही विधानं चुकीची आहेत.

नेदरलँड्स हरलेला आहे. १९९१ साली आपल्याच अँटवर्प शहरात बेल्जियमने विश्वविजेतेपद पटकावलं. १९७८ ते २०२३ या काळात बारा विश्वस्पर्धा झाल्या, त्यातल्या अकरा डचांनी जिंकल्या. वर्ल्ड गेम्स या ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतही १९८५ पासून २०२२ पर्यंतची सगळी सुवर्णपदकं त्यांचीच. हे वर्चस्व थक्क करणारं आहे, ते कोण नाकारेल? पण उरलेला एक करंडक ज्यांनी घरच्या प्रेक्षकांसमोर उचलला, त्यांना इतिहासातून पुसून टाकणं हा अन्याय आहे.

दुसऱ्या नंबरचं म्हणाल, तर १९९१ वगळता २०१९ च्या डर्बन स्पर्धेपर्यंत हे खरं होतं. प्रत्येक अंतिम सामना याच दोन शेजाऱ्यांमध्ये झाला. २०२३ मध्ये तैपेईत मात्र डचांसमोर अंतिम फेरीत उभा राहिला तो चायनीज तैपेईचा, म्हणजे तैवानचा संघ. बेल्जियम कांस्यपदकावर थांबला. माझ्या मते या खेळातली अलीकडची सगळ्यात मोठी बातमी हीच, आणि नेमकी तीच या संदेशात नाही. एकच देश वर्षानुवर्षं जिंकतो म्हणून बाकीच्यांची मेहनत फुकट जाते, हे आपण तरी कसं मान्य करावं? आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचं सुवर्ण १९९० ते २०१४ सलग भारताकडेच होतं. तेव्हा इराण तयारी करत होता म्हणूनच २०१८ मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत त्याने भारताला हरवलं.

डच पुढे आहेत त्यामागे कारण आहे. १९०२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधले शिक्षक निको ब्रूकहाऊसेन यांनी हा खेळ मांडला. तेव्हापासून तिथे गावोगावी क्लब उभे राहिले आणि मुलं लहानपणापासून क्लबमध्येच घडतात.

‘हलकाफुलका’ म्हणणाऱ्यांनी एक सामना पूर्ण पाहावा. संघात चार पुरुष, चार स्त्रिया. साडेतीन मीटर उंचीवरच्या टोपलीमागे फळी नाही, त्यामुळे चेंडू आपटवून आत घालायची सोय नाही. चेंडू घेऊन पळता येत नाही, ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, तेही नाही. शिवाय बचावपटू हाताच्या अंतरावर, तुमच्या आणि टोपलीच्या मध्ये उभा राहून अडवत असेल तर मारलेला गोल धरतच नाहीत. म्हणजे नुसती उंची पुरत नाही, आधी जोडीदाराच्या साथीने मोकळी जागा काढावी लागते. पुरुषाला पुरुष अडवतो, स्त्रीला स्त्री. दर दोन गोलांनंतर आक्रमण आणि बचाव करणारे चौघे-चौघे भूमिका बदलतात, त्यामुळे प्रत्येकाला दोन्ही यावंच लागतं. यात सवलत कुणालाच नाही.

राहिलं युरोपबाहेरचं. विश्वस्पर्धा अ‍ॅडलेड, चीनमधलं शाओशिंग, डर्बन आणि तैपेईत झाल्या आहेत. आणि १९९५ ची भरली होती आपल्या नवी दिल्लीत.