गारी, बाजरी आणि तुमचे बसलेले अकारे

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की निम्मी बरोबर आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या पारंपरिक पदार्थांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: कसावा (रताळ्यासारखा कंद), मका, मिरची, टोमॅटो, शेंगदाणा हे सगळं अमेरिकेतून गेलेलं, मग 'पारंपरिक' म्हणायला उरलं काय? अकारा, म्हणजे चवळी वाटून तळतात तो, हा आपलाच वडा, गुजराती व्यापाऱ्यांनी नेला असणार. फुफू म्हणजे बेचव पिठाचा गोळा. आणि माझ्या कृतीने तुम्ही केलेले अकारे दगडासारखे झाले.

आधी माझ्या चुका. 'गारी हजारो वर्षं खातात' हे मी लिहायला नको होतं. गारी कसाव्याची, आणि कसावा आफ्रिकेत पोचला तोच सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांबरोबर. जोलोफ भात (टोमॅटो-मिरचीत शिजवलेला) नायजेरियाचा, हेही तिथल्या लागोस शहरात चार वर्षं काढल्याच्या भरात लिहून गेले. नावच वोलोफ लोकांच्या जोलोफ राज्यावरून आलेलं, म्हणजे मूळ सेनेगलकडचं. तिथला मासे घातलेला भात, चेबू जेन, २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. त्यातला तुकडा तांदूळ फ्रेंच अमलात इंडोचायनातून यायचा आणि टोमॅटो अमेरिकेचा. तेव्हा जोलोफपुरतं तुमचं म्हणणं मान्य. (माझ्या लागोसच्या शेजारणींना मराठी येत नाही, हे बरं आहे.)

गारीचं मात्र मान्य नाही. कडू कसाव्यात सायनाइड तयार होतं, तो नुसता उकडून खाण्यातला नव्हे. म्हणून सोलून किसायचा, कीस पोत्यात भरायचा, वर दगड ठेवून दोन-तीन दिवस पाणी निथळू द्यायचं. तेवढ्यात तो आंबतो, विष उतरतं. मग चाळून रुंद पसरट कढईत हलवत हलवत कोरडा भाजायचा. दिसायला आपला जाडा रवा, वास किंचित आंबूस. महिनाअखेरीला खिसा रिकामा झालेला विद्यार्थी हीच गारी थंड पाण्यात भिजवून, साखर आणि शेंगदाणे घालून खातो. कंद ब्राझीलचा, किसून-पिळून भाजण्याची युक्तीही बरीचशी तिथलीच. गुलामगिरीतून सुटून परतलेल्या माणसांचा ती पसरवण्यात मोठा हात होता. पण आज लागोसच्या कुठल्याही आजीला जाऊन सांगा, की गारी तुमची नाही. मी मागे उभी राहते.

तुमच्याच मापाने आपली एकादशी मोजू या. आज आपल्याकडे मिळणारा साबुदाणा कसाव्याचाच, तमिळनाडूत सेलमकडे बनतो. त्यात घालतो तो बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, दाण्याचं कूटही तिकडचंच. मूळचं आपलं काय, तर जिरं म्हणावं तर तेही पश्चिमेकडून आलेलं. उपास मोडला का हो आपला?

शिवाय नवी पिकं तिकडे रिकाम्या ताटात पडली नाहीत. शेंगदाणा आला तेव्हा जमिनीखालीच शेंगा धरणारा बांबारा दाणा तिथे आधीपासून होता, नव्या पाहुण्याला त्याचीच जागा मिळाली. मिरचीच्या आधी तिखटपणासाठी मेलेगेटा मिरीचे दाणे होते.

आता बाजरी. मालीच्या उत्तर भागात माणसाने पिकवलेल्या बाजरीचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत, आणि काही शतकांतच ती भारतात पोचलेली दिसते. संक्रांतीच्या आधी भोगीला आपण तीळ लावून जी भाकरी करतो, तिचं धान्य पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेलं आहे. उत्तर नायजेरियात हाउसा लोक तिचा 'फुरा' करतात: बाजरीच्या पिठाचे गोळे, त्यात आलं, लवंग, थोडं तिखट, उकडायचे, कांडायचे आणि फुलानी गवळणींकडच्या आंबट दुधात कुस्करून प्यायचे. पहिल्यांदा प्याले तेव्हा मला आजोळची ताकातली आंबील आठवली, आणि ती का आठवली हे नंतर कळलं.

अकाऱ्याच्या बाबतीत गुजराती व्यापाऱ्यांना उगाच श्रेय देऊ नका. ते पूर्व किनाऱ्यावर गेले, मोम्बासा आणि झांझिबारला, आणि तिथे समोसा आणि चपाती आजही आहेत. लागोस खंडाच्या दुसऱ्या टोकाला. अकारा चवळीचा असतो आणि चवळी माणसाने शेतात आणली तीच मुळी पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या, नायजेरियाच्या बाजूच्या योरुबा माणसांबरोबर तो ब्राझीलच्या बाहियात गेला, आणि तिथे त्याचं झालं 'अकाराजे'. 'जे' म्हणजे योरुबात खाणं.

फुफूबद्दल, म्हणजे उकडलेले कंद कांडून केलेल्या त्या मऊ गोळ्याबद्दल, एवढंच, की तो नुसता खायचा नसतोच. तांबड्या रश्श्याशिवाय भाकरी नुसती चावून बघा. फुफूचा घास मोडून, अंगठ्याने खळगा करून त्यात एगुसी भरून घ्यायचा. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जातीतल्या फळाच्या बिया वाटून, पाम तेलात पालेभाजी आणि सुके मासे घालून केलेलं दाट कालवण.

राहिले तुमचे दगड. रागाने का होईना, करून पाहिलेत, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि इथे दोष माझ्या लिहिण्याचाच आहे. मी नुसतं 'चवळी वाटून तळा' असं लिहिलं. चवळी थोडी भिजली की हाताने चोळून सालं काढायची, सगळी. सालं पाण्यावर तरंगतात, ती ओतून टाकायची. मग पुन्हा तासभर भिजवून कांदा-मिरचीबरोबर वाटायची, पाणी चमचा-चमचाच. खरी मेहनत पुढे. आमच्या कोपऱ्यावरची इया अलाकारा, म्हणजे अकारेवाली बाई, शनिवारी पहाटे भलंमोठं पातेलं मांडीशी धरून लाकडी डावाने पीठ फेटायची ते फिकं पडून फुगेपर्यंत. आंबवायचं नसतं, सोडाही नसतो, फक्त हवा. मीठ तळणीच्या ऐन वेळी, आधी घातलं की पीठ बसतं, असं ती मला दर वेळी बजावायची. दहीवड्याला करतो तशी परीक्षा करा: थेंबभर पीठ वाटीतल्या पाण्यात सोडा. तरंगलं तर तेल तापवा, बुडालं तर अजून दहा मिनिटं फेटा.